अंग बाहेर येणे : लपवू नये, घाईही करू नये

‘अंग बाहेर येणे’, ‘मायांग खाली येणे’, ‘खाली गोळा लागणे’ अशा शब्दांत ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रिया ज्या त्रासाचे वर्णन करतात, त्याला वैद्यकीय परिभाषेत ‘पेल्विक ऑर्गन प्रोलॅप्स’ म्हणतात. गर्भाशय, मूत्राशय किंवा मलाशय यांपैकी एक वा अधिक अवयव आपली जागा सोडून योनिमार्गात खाली उतरणे, असा त्याचा अर्थ. या आजाराला आपल्या भाषेत नावांची कमतरता नाही, पण ते नाव घरात उच्चारले जात नाही. गोठ्यातील गाईचे मायांग बाहेर आले तर त्याच दिवशी पशुवैद्याला निरोप जातो. घरातील बाईच्या बाबतीत मात्र तीच गोष्ट दहा-दहा वर्षे लुगड्याच्या काष्ट्याआड राहते.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, माळशेज घाटाच्या वाटेवर मढ हे गाव आहे. जवळच पिंपळगाव जोगा धरणाचा जलाशय पसरलेला. जुन्नर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्याचा हा सह्याद्रीलगतचा पट्टा महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वस्तीचा, भरपूर पावसाचा आणि भातशेतीचा आहे. आषाढात चिखलात वाकून आवणी करणे, सरपणाची मोळी वाहून आणणे, पाणी भरणे ही कामे येथे प्रामुख्याने बायकांच्या वाट्याला येतात. बाळंतपणानंतर त्या किती दिवसांनी पुन्हा कामाला लागतात, हे घरच्या परिस्थितीवर आणि पावसाच्या वेळापत्रकावर ठरते. या आजाराला पोषक असलेल्या अनेक गोष्टी अशा ठिकाणी एकत्र येतात. मात्र हा केवळ खेड्यातला आजार आहे, असे समजण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईतील नोकरदार स्त्रियांनाही तो होतो आणि त्याही तो तितक्याच लपवतात.

या आजाराबाबत दोन चुका सर्रास होतात. पहिली, वर्षानुवर्षे न बोलता सोसणे. दुसरी, एकदा बोलल्यानंतर ‘पिशवी काढून टाका’ एवढाच उपाय आहे असे मानणे. या दोन टोकांच्या मध्ये उपचारांचे बरेच मार्ग आहेत. त्यांची माहिती रुग्ण स्त्रीला आणि तिच्या कुटुंबीयांना असणे आवश्यक आहे.

नेमके काय होते?

ओटीपोटातील अवयवांना दोन प्रकारचा आधार असतो. वरून आणि बाजूंनी त्यांना तंतुमय बंधांनी कमरेच्या हाडांशी बांधून ठेवलेले असते. खालून त्यांना स्नायूंच्या एका जाड थराने तोलून धरलेले असते. हा थर पुढे जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत पसरलेला असून मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग त्यातूनच बाहेर पडतात.

दोऱ्यांनी टांगलेला पाळणा आणि त्याच्या खाली लावलेला भक्कम पाट अशी कल्पना केली, तर ही रचना समजणे सोपे जाईल. पाट जागेवर असेल तोवर दोऱ्यांवर फारसा भार येत नाही. पाट मोडला की सगळा भार दोऱ्यांवर पडतो, त्या हळूहळू ताणल्या जातात आणि पाळणा खाली येतो. म्हणजे दोष पाळण्यात नसून त्याच्या आधारात असतो. गर्भाशयाच्या बाबतीतही असेच घडते. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढे सांगितलेल्या उपचारांमागचा विचार आपोआप उलगडतो.

कोणता आधार ढिला झाला यावरून आजाराचे प्रकार पडतात. योनिमार्गाची पुढची भिंत सैल झाली तर मूत्राशय खाली झुकते. त्याला डॉक्टर ‘सिस्टोसिल’ म्हणतात. मागची भिंत सैल झाली तर मलाशय पुढे फुगते, ते ‘रेक्टोसिल’. वरचे बंध सैल झाले तर गर्भाशय खाली उतरते. गर्भाशय पूर्वी काढून टाकले असेल तर योनिमार्गाचा वरचा टोकाचा भाग उलटून खाली येऊ शकतो. अनेक स्त्रियांमध्ये यांतील दोन-तीन प्रकार एकत्र आढळतात.

तीव्रतेनुसार आजाराच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीत अवयव थोडासा खाली आलेला असतो, पण योनिद्वारापासून बराच वर असतो. दुसऱ्या पायरीत तो योनिद्वाराच्या आसपास पोहोचतो. तिसऱ्या पायरीत तो स्पष्टपणे बाहेर डोकावतो, तर चौथ्या पायरीत जवळजवळ पूर्णपणे बाहेर येतो. पहिल्या पायरीतील बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास नसतो. अवयव योनिद्वारापर्यंत पोहोचला की तक्रारी सुरू होतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

हा आजार किती प्रमाणात आढळतो, याची कल्पना अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवरून येते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५० ते ७९ वयोगटातील, गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी सुमारे ३४ टक्के स्त्रियांमध्ये मूत्राशय, सुमारे १९ टक्के स्त्रियांमध्ये मलाशय आणि सुमारे १४ टक्के स्त्रियांमध्ये गर्भाशय कमी-अधिक खाली सरकलेले आढळले. त्या सर्वांना त्रास होत होता असे नाही. तरीही संपन्न देशातही हा आजार किती सामान्य आहे, हे यावरून दिसते.

कारणे कोणती?

योनिमार्गे होणारी प्रसूती हे सर्वांत महत्त्वाचे कारण होय. बाळाचे डोके बाहेर येताना तळाचे स्नायू त्यांच्या मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. बहुतेक स्त्रियांमध्ये ते पुन्हा सावरतात; काहींमध्ये फाटतात किंवा त्यांच्या नसांना इजा होते. प्रसूतींची संख्या वाढते तसा धोका वाढत जातो. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथील १९९७ च्या अभ्यासात, एकही मूल नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत दोन मुले असलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे आठपट आढळले होते. फार लांबलेली प्रसूती, मोठ्या वजनाचे बाळ आणि चिमटा लावून केलेली प्रसूती यांमुळे धोका अधिक वाढतो. गर्भाशयमुख पूर्ण उघडण्याआधीच बाईला जोर करायला लावणे किंवा बाळ लवकर बाहेर यावे म्हणून वरून पोट दाबणे, या जुन्या प्रथाही घातक ठरतात.

वय हे दुसरे कारण. मासिक पाळी थांबल्यानंतर शरीरातील इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते आणि योनिमार्गाच्या भिंती पातळ होतात. बाळंतपणात झालेली इजा वीस-पंचवीस वर्षे दबून राहते आणि पन्नाशीनंतर डोके वर काढते. ‘माझी बाळंतपणे होऊन इतकी वर्षे झाली, मग आत्ताच का?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

पोटातील दाब वारंवार वाढवणाऱ्या गोष्टी हे तिसरे कारण. जुनाट खोकला, दमा, कायमचे बद्धकोष्ठ आणि शौचाला कुंथण्याची सवय, लठ्ठपणा व सतत जड ओझे उचलणे यांचा त्यात समावेश होतो. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या स्त्रीचा खोकला आणि तिचे खाली आलेले अंग यांचा असा थेट संबंध असू शकतो. काही स्त्रियांमध्ये शरीरातील तंतूच जन्मतः कमजोर असतात. अशा स्त्रियांना तरुण वयात, क्वचित एकही बाळंतपण न होता हा त्रास सुरू होतो. आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर आपणही लक्ष ठेवावे.

काही गैरसमजही दूर करायला हवेत. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेमुळे अंग बाहेर येत नाही. बाळंतपणानंतर पोट घट्ट बांधल्याने आतले बंध बळकट होत नाहीत. सिझेरियनमुळे हा धोका कमी होत असला, तरी एवढ्याच कारणासाठी पोट फाडून घेणे शहाणपणाचे नाही. त्या शस्त्रक्रियेचे स्वतःचे धोके आहेत.

लक्षणे

योनिमार्गात काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटणे हे मुख्य लक्षण. दिवसभर उभे राहून काम केल्यावर जडपणा आणि कंबरदुखी वाढते, तर आडवे झाल्यावर आराम पडतो. अंघोळीच्या वेळी हाताला मऊ गोळा लागतो. मूत्राशय खाली आले असल्यास लघवी पूर्ण होत नाही, पुन्हा पुन्हा जावे लागते किंवा गोळा बोटाने आत ढकलल्याशिवाय लघवी सुरूच होत नाही. खोकताना-शिंकताना लघवी निसटते. मलाशय खाली आले असल्यास शौचाला त्रास होतो. शरीरसंबंध त्रासदायक होतात आणि पती-पत्नीत न बोललेला दुरावा निर्माण होतो.

अंग बराच काळ बाहेर राहिले तर ते कपड्याला घासून कोरडे व जाड होते, त्यावर जखम होते, पाणी किंवा रक्त जाते. फार वाढलेल्या आजारात मूत्रवाहिन्यांवर ताण येऊन मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे, तसेच त्याचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. परंतु पाळी थांबलेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला तर ‘अंगावरच्या जखमेतून असेल’ असे गृहीत न धरता तपासणी करून घेतलीच पाहिजे. लघवी पूर्ण अडणे, बाहेर आलेला भाग आत न जाणे, तो काळानिळा पडणे किंवा ताप येऊन दुर्गंधीयुक्त स्राव होणे, या स्थितीत त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तपासणीत काय होते?

या आजाराचे निदान करण्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नसते. डॉक्टर रुग्णेला टेबलावर झोपवून, खोकायला किंवा जोर करायला सांगून कोणता भाग किती खाली येतो ते पाहतात. काही वेळा उभ्यानेही तपासतात. लघवीची तपासणी, लघवीनंतर मूत्राशयात किती मूत्र उरते याची मोजणी, गर्भाशयमुखाची तपासणी आणि गरज भासल्यास सोनोग्राफी केली जाते. सारे दहा-पंधरा मिनिटांचे काम. पण नेमकी हीच दहा-पंधरा मिनिटे आपल्याकडील असंख्य स्त्रियांच्या आयुष्यात कधी येत नाहीत.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग असल्याचे आढळले. त्याआधी कधीही स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. हा अभ्यास केवळ अंग बाहेर येण्यापुरता नव्हता. पण खेड्यातील स्त्रीचे दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही, हे त्याने जगापुढे आकड्यांनिशी मांडले. नेपाळमध्ये तर हा प्रश्न इतका व्यापक ठरला, की २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांच्या प्रजनन हक्कांशी त्याचा संबंध जोडून शासनाला उपाययोजना करण्याचे आदेश दिले.

मढच्या परिसरातील स्त्रीसाठी पहिली पायरी म्हणजे गावची आशा स्वयंसेविका आणि मढचे प्राथमिक आरोग्य केंद्र. तेथे प्राथमिक तपासणी आणि पुढची चिठ्ठी मिळू शकते. त्यापुढे जुन्नर व नारायणगाव येथील ग्रामीण रुग्णालये, आंबेगावात घोडेगावचे ग्रामीण रुग्णालय व मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आणि शेवटी पुण्याचे ससून रुग्णालय, अशी ही साखळी आहे. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, हे आधी विचारून निघावे. अन्यथा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे जाते आणि ‘पुन्हा बघू’ म्हणत आणखी दोन वर्षे निघून जातात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात बसते, याची माहिती योजनेतील रुग्णालयांत नेमलेल्या आरोग्यमित्रांकडून घ्यावी.

शस्त्रक्रियेविना उपचार

काहीही त्रास नसेल तर उपचारांचीही गरज नसते. नुसते लक्ष ठेवले तरी पुरते. पहिल्या दोन पायऱ्यांत, काही वेळा तिसऱ्या पायरीतही, तळाच्या स्नायूंच्या व्यायामाचा चांगला उपयोग होतो. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले आणि ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात. ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातील ४४७ स्त्रियांवरील २०१४ च्या अभ्यासात, प्रशिक्षकाकडून नीट शिकून हे व्यायाम केलेल्या स्त्रियांचा त्रास वर्षभरानंतर लक्षणीयरीत्या कमी झालेला दिसला.

व्यायाम असा करावा. लघवी आणि वात एकाच वेळी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते आत व वर ओढून घ्यावेत. पाचपर्यंत आकडे मोजावेत, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावेत. सवयीने हा वेळ दहा आकड्यांपर्यंत न्यावा. एका वेळी आठ ते बारा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या किंवा कुल्ले आवळू नयेत आणि श्वास रोखू नये. एकदा ओळख पटल्यावर प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम करू नये. खोकण्यापूर्वी किंवा हंडा उचलण्यापूर्वी हे स्नायू आवळून घेण्याची सवय लावावी. फरक जाणवण्यास किमान तीन-चार महिने लागतात. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र व्यायामाने आत जात नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे.

दुसरा उपाय ‘पेसरी’चा. खाली सरकलेल्या अवयवांना आतून टेकू देणारी ही कडी. हा उपाय अतिप्राचीन आहे. ग्रीक वैद्य त्यासाठी अर्धे डाळिंब वापरीत, असे उल्लेख सापडतात. आजच्या पेसऱ्या मऊ सिलिकॉनच्या असून वेगवेगळ्या आकारांत मिळतात. योग्य आकाराची कडी डॉक्टर बसवून देतात. ती बसवल्यावर स्त्रीला चालता, बसता, लघवी करता आली पाहिजे आणि ती आत आहे हे जाणवताही कामा नये. अनेक स्त्रिया ती स्वतः काढायला व धुऊन पुन्हा बसवायला शिकतात. जिला हे जमत नाही तिने तीन ते सहा महिन्यांनी तपासणीसाठी जावे. कडी बसवून ती वर्षानुवर्षे विसरून जाणे धोक्याचे असते. ती आतल्या भिंतीत रुतून जखम होऊ शकते. गर्भवती स्त्री, अजून मूल हवे असलेली स्त्री, हृदयविकार वा अन्य कारणाने शस्त्रक्रिया झेपणार नाही अशी वृद्धा किंवा हंगाम संपेपर्यंत थांबणे भाग असलेली शेतकरी स्त्री, या सर्वांसाठी हा उत्तम पर्याय आहे. आपल्याकडे तो पुरेसा सांगितला जात नाही. रुग्णेने स्वतःहून विचारावा.

पाळी थांबलेल्या स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनच्या मलमाने योनिमार्गाचा कोरडेपणा कमी होतो आणि जखमा भरण्यास मदत होते. त्याने खाली आलेला अवयव वर जात नाही. हे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

शस्त्रक्रिया : काढायचे की बांधायचे?

त्रास जास्त असेल आणि वरील उपायांनी भागत नसेल तर शस्त्रक्रिया करावी लागते. मूलबाळ झालेल्या, वय वाढलेल्या स्त्रीमध्ये आपल्याकडे साधारणतः योनिमार्गातून गर्भाशय काढून पुढच्या व मागच्या भिंतींची दुरुस्ती केली जाते. कमरेखालचा भाग बधिर करून ही शस्त्रक्रिया होते, पोटावर टाके पडत नाहीत आणि रुग्णा काही दिवसांत घरी जाते. गर्भाशय न काढता त्याच्या मुखाचा लांबलेला भाग कमी करून बंध आखडून घेणारी ‘मँचेस्टर’ शस्त्रक्रियाही जुनी व परिचित आहे.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीचे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मुंबईतील डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक असलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे गर्भपात रोखण्यासाठी गर्भाशयमुखाला घालायच्या टाक्यामुळे जगभर ओळखले जातात. त्यांनीच गर्भाशयाला मागच्या बाजूने पट्टीने कमरेच्या मणक्याच्या हाडाशी बांधून ठेवण्याची शस्त्रक्रियाही विकसित केली. तीही त्यांच्या नावाने ओळखली जाते. शिरोडकरांना १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत गर्भाशयमुख पुढच्या बाजूने पोटाच्या भक्कम आवरणाला बांधले जाते. आजही स्त्रीरोगशास्त्राचे भारतीय विद्यार्थी या दोन्ही शस्त्रक्रिया शिकतात. पाळणा काढून टाकण्याऐवजी दोऱ्या दुरुस्त करण्याचा विचार त्यामागे आहे.

हा विचार आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. गर्भाशय काढले पण वरचा आधार नीट बांधला नाही, तर काही वर्षांनी योनिमार्गाचे टोक खाली येते आणि दुसरी, अधिक अवघड शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून ‘पिशवी काढल्यानंतर वरचा भाग कशाला बांधणार आहात?’ हा प्रश्न रुग्णेने किंवा तिच्या नातेवाइकांनी शस्त्रक्रियेपूर्वी विचारणे पूर्णपणे योग्य आहे. वृद्ध व शरीरसंबंधांची अपेक्षा नसलेल्या स्त्रीमध्ये योनिमार्ग अंशतः बंद करण्याची छोटी शस्त्रक्रियाही करता येते. ती करण्याआधी तिची स्पष्ट संमती हवी. नायलॉनसारख्या कृत्रिम जाळ्या योनिमार्गातून बसवण्याची पद्धत काही वर्षे फार प्रचारात होती. वेदना आणि जाळी रुतण्याच्या तक्रारींमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये या आजारासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबवली. कोणी ‘जाळी’ सुचवली तर ती कोणत्या मार्गाने व का, हे नीट समजून घ्यावे.

घाई कशासाठी?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे समोर आले. अंगावरून पाणी जाणे, पोट दुखणे अशा औषधाने बऱ्या होऊ शकणाऱ्या तक्रारींसाठी, पाळीमुळे मजुरी बुडू नये यासाठी, कर्करोगाच्या भीतीपोटी तरुण वयात या शस्त्रक्रिया झाल्याचे त्या काळात पुढे आले. अंग बाहेर येण्याचा आजार आणि हे प्रकरण एक नव्हे. पण त्यातून मिळणारा धडा येथेही लागू पडतो. चाळिशीच्या आतील स्त्रीला केवळ ‘पिशवी थोडी खाली आली आहे’ म्हणून गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत अवश्य घ्यावे. तातडीची लक्षणे नसतील तर हा आजार काही आठवडे थांबू शकतो.

शस्त्रक्रिया केव्हा करायची याचाही विचार व्हावा. शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे, शक्य असल्यास तीन महिने ओझे उचलू नये आणि कुंथावे लागू नये. भातकापणी व झोडणी आटोपल्यावर मार्गशीर्ष-पौषात शस्त्रक्रिया झाली, तर आवणीपर्यंत सहा महिने मिळतात. ज्येष्ठात शस्त्रक्रिया करून आषाढात चिखलात उतरणे म्हणजे घातलेले टाके वाया घालवणे. त्या काळात घरातील पाणी कोण भरणार, हे शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वीच घरच्यांनी ठरवावे. आधीचा खोकला आणि बद्धकोष्ठ यांवर इलाज करून घ्यावा, अन्यथा आजार उलटण्याची शक्यता वाढते. अंगावर जखम असेल तर ती बरी झाल्यावरच शस्त्रक्रिया केली जाते.

टाळता येईल का?

पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी. प्रसूती प्रशिक्षित हातांत व्हावी, गर्भाशयमुख पूर्ण उघडेपर्यंत जोर करू नये, पोटावर दाब देऊ देऊ नये. दोन मुलांत अंतर असावे. बाळंतिणीचा सव्वा महिना ही आपल्या आजीच्या काळातील रीत विश्रांतीच्या दृष्टीने योग्यच होती. त्यात या व्यायामांची भर घालावी. प्रसूतीनंतर डॉक्टरांनी मना केले नसेल, तर काही दिवसांतच ते सुरू करता येतात. आहारात पालेभाज्या व भरपूर पाणी असावे, वजन आटोक्यात ठेवावे, खोकला अंगावर काढू नये. ओझे उचलताना कमरेतून न वाकता गुडघ्यांत वाकावे, मोठ्या हंड्याऐवजी दोन लहान कळश्या आणाव्यात. आणि हे सांगताना, पाणी व सरपण वाहण्याचे काम केवळ बाईचे का, हा प्रश्न घरातील पुरुषांनीही स्वतःला विचारावा.

जुन्नर-आंबेगावची असंख्य कुटुंबे नोकरी-धंद्यासाठी मुंबईत आणि पुण्यात स्थिरावली आहेत. गावाकडची आई, आत्या किंवा सासू सणावाराला चार दिवस येते. ‘कंबर दुखते’, ‘लघवीला सारखे जावे लागते’, ‘खाली बसवत नाही’ असे काहीबाही सांगते आणि परत जाते. या तक्रारींमागे काय असू शकते हे आता आपल्याला ठाऊक आहे. घरातील लेकीने किंवा सुनेने तिला बाजूला घेऊन ‘अंग खाली येतं का?’ एवढे सरळ शब्दांत विचारावे. बहुतेकदा तिने ते आजवर कोणाला सांगितलेले नसते, कारण तिला कोणी विचारलेलेच नसते. त्या एका प्रश्नानंतर तपासणी, व्यायाम, कडी किंवा योग्य शस्त्रक्रिया, यांतला कोणता ना कोणता मार्ग तिच्यासाठी निघतोच.